आरतीनंतरची बोंब

अरविंदला पांढुर्ण्यात कोणी अरविंद म्हणत नसे. पळपुट्या म्हणत. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, अगदी मयतीलासुद्धा. "काय पळपुट्या, कधी आला?" असं विचारणाऱ्याच्या पोटात काही पाप असे असंही नाही. सहा वर्षांत ते त्याचं नावच होऊन बसलं होतं, आणि नावाचा अर्थ कोण लक्षात ठेवतो! अर्थ फक्त अरविंदला टोचत असे.

दुसऱ्या कुठल्या गावात हे नाव एवढं लागलं नसतं. पण पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभं राहतं, आणि दोघं दिवसभर एकमेकांना गोटे मारतात. नदीत पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा, तो तोडून आणायचा. डोकी फुटतात, हात मोडतात, कधी माणूसही जातो, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा तिथेच उभी. कपाळावरची खोक इथे लोक पदवीसारखी मिरवतात. अशा गावात पोरगा नापास झाला तर चालतं, दारू प्यायला तर चालतं, बायकोवर हात टाकला तर तो ज्याच्या त्याच्या घरचा मामला असतो. गोट्याला पाठ दाखवलेली मात्र चालत नाही. आणि अरविंद तर म्हणे तासाभरावरच्या सौसर गावच्या गोट्यांना भ्याला होता, जिथल्या लोकांना धड नेम धरायचाही सराव नाही!

खरी गोष्ट अशी, की तो पळालाच नव्हता. पण ती खरी गोष्ट त्याच्या एकट्याजवळ होती आणि तो ती कोणाला सांगू शकत नव्हता.

त्याचं असं झालं. १९८३ साली अरविंद नागपूरला पॉलिटेक्निकात शिकत होता. होस्टेलात मुंबईचा एक मुलगा होता, त्याच्याकडे विलायती पोरांच्या कॅसेटी होत्या. या गाण्यांना पंक रॉक म्हणतात, असं त्यानं सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अरविंदला वाटलं, टेपचं हेडच खराब झालंय. दोन-दोन मिनिटांची गाणी, सूर गेला खड्ड्यात, आणि गाणारा असा ओरडतोय की जणू त्याचं घर कोणी पेटवून दिलंय. "यात गाता यावं लागत नाही," मुंबईवाला म्हणाला, "राग यावा लागतो." राग अरविंदकडे पोतंभर होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं पांढुर्ण्यात बँड काढला. नाव ठेवलं 'बोंब'. अरविंदची जुनी गिटार. त्याचा शाळेतला दोस्त प्रभाकर, त्याच्याकडे लग्नाच्या बँडपथकातून आणलेला फुटका ड्रम आणि पत्र्याचा एक डबा. आणि वसंत, जो एरवी भजनात बेंजो वाजवायचा. प्रभाकरच्या वडिलांच्या संत्र्याच्या गोदामात रिकाम्या खोक्यांमध्ये बसून तिघांनी तीन गाणी बसवली. बँड जगला चार महिने आणि कार्यक्रम झाला एकच. तोही थापा मारून. सौसरच्या एका गणपती मंडळाला पाचव्या दिवशी ऑर्केस्ट्रा हवा होता. प्रभाकर जाऊन सांगून आला, आम्ही ऑर्केस्ट्राच आहोत, फिल्मी गाणी म्हणतो. एखादं म्हणून दाखवा, असंसुद्धा मंडळानं म्हटलं नाही. पांढुर्ण्याच्या यशवंतराव मास्तरांचा मुलगा गाणार आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

यशवंतराव मास्तर म्हणजे अरविंदचे वडील. हेडमास्तर, बंद गळ्याचा कोट, हातात शिसवी रूळ. दर शनिवारी सौसरच्या वाटेवरच्या जामसावळीच्या मारुतीला जाणारा माणूस. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे तहसीलदार झाली तरी रस्त्यात वाकून नमस्कार करायची.

'बोंब'चं पहिलं गाणं नगरपालिकेच्या नळावर होतं, दुसरं मॅट्रिकच्या परीक्षेवर. तिसरं घरचं होतं. दोन वर्षांपूर्वी अरविंदची आई वच्छलाबाई विहिरीवर पाय घसरून पडली आणि तिचा डावा हात मोडला, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. ती त्या दिवशी विहिरीवर गेलीच नव्हती. भाजी खारट झाली होती, आणि शाळेतला रूळ मास्तरांबरोबर घरीही येत असे. अरविंद तेव्हा बाजूच्या खोलीत अभ्यास करत बसला होता. त्यानं पुस्तकातून डोकं वर काढलं नव्हतं. त्याची लाज त्याला दोन वर्षं आतून खात राहिली आणि शेवटी तिचं गाणं झालं:

माय इहिरीवर घसरली, हात मोडला, हात मोडला!
आमची इहीर चालते, आमची इहीर बोलते,
कोट घालून शाळेत जाते!

प्रभाकर आणि वसंतला वाटलं, असंच काहीतरी येड्यासारखं गाणं आहे. ते जोरजोरात डबा बडवत राहिले.

सौसरच्या मंडपात पुढे सतरंजीवर बायका बसल्या होत्या, लता-किशोरच्या आशेनं. नळाचं गाणं संपलं तेव्हा एकही टाळी पडली नाही. मॅट्रिकच्या गाण्याच्या मध्येच पहिली चप्पल आली. मग गोटे. रस्त्याच्या कामाची गिट्टी मंडपाशेजारीच टाकलेली होती, मुद्दाम सोय करून ठेवल्यासारखी. वरच्या पत्र्यावर ताडताड आवाज व्हायला लागला, बायका पोरांना ओढत उठल्या, आणि कोणीतरी मेन स्विच पाडला. अंधारात प्रभाकर ड्रम घेऊन पळाला, वसंत बेंजो टाकून पळाला. अरविंद उभा राहिला. माइक मेला होता, कानशिलाजवळून गोटे जात होते, आणि त्यानं तिसरं गाणं नुसत्या घशानं म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. त्या गोंधळात कोणाला किती ऐकू गेलं देव जाणे. पण आयुष्यात एकदा तो जागचा हलला नव्हता, आणि त्याला त्या वेळी फार बरं वाटलं होतं.

ती रात्र त्यानं बोरगावला एका वर्गमित्राकडे काढली आणि सकाळच्या बसनं परस्पर नागपूर गाठलं. दिवाळीला घरी आला तेव्हा गावभर नाव तयार होतं. त्याला वाटलं, हे काम प्रभाकरचं. स्वतःचं पळणं झाकायला त्यानं आपल्यावर ढकललं. त्या दिवसापासून त्यानं प्रभाकरशी बोलणं टाकलं. मी पळालो नाही असं सांगावं, तर लोक विचारणार, मग काय करत होता? गात होतो. कोणतं गाणं? अंधारात ओरडून म्हटलेलं उजेडात हळू आवाजातही म्हणायची त्याची छाती नव्हती.

गाव गेलं उडत. त्याला आईचं लागलं होतं. तिच्यासमोर बायका "तुमचा पळपुट्या आला का?" असं हसत विचारायच्या आणि ती एका शब्दानं काही म्हणत नसे. जिच्यासाठी आपण अंगावर गोटे घेतले तिनंही आपल्याला पळपुटा समजावं, हे त्याच्यानं सोसवत नव्हतं. तिला एकदा कळायला हवं होतं, बस. बाकी त्याला काही नको होतं.

१९८९ मध्ये त्याची बदली सौसरला झाली, सिंचाई म्हणजे पाटबंधारे खात्यात. पांढुर्णा तासाभराच्या वाटेवर, तरी दोन-दोन महिने तो घरी जात नसे. एकदा ऑफिसातल्या साहेबांच्या निरोप समारंभासाठी माइक ठरवायला तो बसस्टँडजवळच्या नत्थूजी माइकवाल्याकडे गेला. नत्थूजीनं चष्मा वर करून त्याला नीट पाहिलं.

"तुम्ही थे बोंबवाले न साहेब? तुमच्यापायी माहा एक भोंगा गेला राजेहो. गोटा आरपार!"

अरविंद शरमला. भोंग्याचे पैसे द्यावेत की काय, असं त्याच्या मनात आलं.

"जाऊ द्या आता. पण तुमची कॅसेट हाय बरं, भगवंतरावाच्या देवघरात."

"कसली कॅसेट?"

मग नत्थूजीनं सांगितलं. त्या मंडळाची रीतच होती. रोजच्या आरतीचा मान एकेका घराला. मानकऱ्याचं नाव माइकवरून पुकारायचं, आणि नत्थूजीनं ती आरती कॅसेटवर भरून दुसऱ्या दिवशी प्रसादाबरोबर त्याच्या घरी पोचवायची. त्या पाचव्या दिवशीचे मानकरी भगवंतराव, संत्र्याचे मोठे बागाईतदार. लाइटीचा भरवसा नाही म्हणून नत्थूजीचा टेप सेलवर चालायचा. त्या दिवशी आरतीनंतर तो बंद करायचा राहून गेला. गोटे सुरू झाले तसा तो अँप्लिफायर पोटाशी धरून पळाला. टेप मात्र स्टेजच्या कडेला चालूच राहिला. सकाळी त्यानं कॅसेट काढली आणि काही न ऐकता पेढ्यांसोबत पोचती केली.

"चालूच राहिला म्हणजे, कुठवर?"

"पट्टी संपेस्तोवर. कोण बंद करीन?"

अरविंद साहेबांचा माइक ठरवायचा विसरून तसाच भगवंतरावांकडे गेला. कॅसेट खरोखरच देवघरात होती. लाल कापडावर, वरून कुंकवाचं बोट ओढलेलं. दर चतुर्थीला ती लावत, आरतीपुरती.

"बाहेर नाई जात थे," भगवंतराव म्हणाले. "देवाची वस्तू झाली. ऐकाची असंन तं आंघोळ करून या. अन् थो चामड्याचा पट्टा नको."

रविवारी अरविंद डोक्यावरून आंघोळ करून, पायजमा घालून गेला. भगवंतरावांनी त्याच्या डोक्यावर आपली टोपी ठेवली आणि कॅसेट लावली. टाळ, घंटा, आरती, मग माइकवर पुकारलेलं भगवंतरावांचं नाव. ते ऐकताना म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. नाव संपलं तसं त्यांचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं.

"पुढचं नाई ऐकत आम्ही. पुढं नुसती बोंबाबोंब हाय."

"थेच ऐकाचं हाय मले," अरविंद म्हणाला.

भगवंतरावांची बायको शांताबाई उठली आणि तिनं देवघराचा पडदा ओढून घेतला. देवानं तरी का ऐकावं! मग नळाचं गाणं झालं, मॅट्रिकचं झालं, पत्र्यावरची ताडताड झाली, बायकांचा आरडाओरडा झाला. खट् असा आवाज आला आणि माइकचा घुमारा गेला. आणि मग लांबून, बारीक, फाटलेल्या घशातून त्याचाच आवाज आला. एकेक शब्द समजत होता. शेवटचा शब्दसुद्धा. अरविंदच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी, मग ते यंत्र का असेना, त्याच्या बाजूनं बोललं होतं.

"कोणाची इहीर म्हणून राहिला हा?" भगवंतरावांनी विचारलं. अरविंदनं टोपी काढून परत दिली.

कॅसेट घराबाहेर जाणार नाही ती नाहीच. शेवटी नत्थूजी आपला दुसरा टेप घेऊन आला. ओसरीत दोन टेप तोंडासमोर तोंड करून ठेवले, एक वाजवला, एकात भरलं. त्यामुळे अरविंदच्या कॅसेटमध्ये मॅट्रिकच्या गाण्यात एक कावळा ओरडतो आणि अंधारातल्या गाण्यात शांताबाईंच्या कुकरची शिट्टी होते. तरी गाणं पूर्ण होतं.

शनिवार गाठून तो पांढुर्ण्याला गेला. मास्तर आता रिटायर झाले होते, पण जामसावळीचा शनिवार चुकवत नव्हते. सकाळी निघत, चारला परत येत. आई मधल्या खोलीत सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. अरविंदनं टेप तिच्या शेजारी ठेवला.

"माय, एक ऐकवाचं हाय तुले."

"इकडून ठेव," ती म्हणाली आणि टेप उचलून तिनं डाव्या बाजूला घेतला.

आरती लागली तसे तिनं हात जोडले. नळाचं गाणं लागलं तेव्हा पुन्हा डाळीला लागली. गोट्यांचा आवाज आला, आणि मग गाणं आलं. अरविंद तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. ती रडेल, त्याच्या डोक्यावरून हात फिरवेल, निदान 'माह्या बाप्पा' म्हणेल, असं त्यानं आठवडाभर मनाशी किती वेळा पाहून ठेवलं होतं. तिची बोटं सुपात थांबली होती. एवढंच.

त्यानं टेप बंद केला. "ऐकलं माय? मी पळालो नव्हतो. आखरीपर्यंत उभा होतो. तुह्यासाठी गायलो."

आईनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"तू पळाला नाई थे. तुहे बाबा तिथंच होते."

अरविंदला पहिल्यांदा कळलंच नाही.

"मास्तर लोकाइची बैठक होती त्या दिवशी सौसरले," ती डाळीकडे पाहत सांगायला लागली. "पोराचं गाणं हाय म्हणून थांबले. तुले सांगतलं नाई. मंडपाच्या मागं उभे होते. लाइट गेली तरी तिथंच होते. सारं ऐकलं त्याइनं. मंग शेवटच्या गाडीनं घरी आले. कोटसुद्धा नाई काढला."

तिनं उजव्या कानावरचा पदर मागे केला. कान दिसायला कानासारखाच होता.

"ह्या कानानं मले त्या दिवसापासून ऐकू येत नाई."

सहा वर्षं तो या घरी येत होता. हाक मारल्यावर ती वळत नाही म्हणून कितीदा तिच्यावर खेकसला होता. वय झालं तुझं, म्हणाला होता.

"सकाळी गल्लीतल्या बाया आल्या. रातचा आवाज साऱ्याइनं ऐकला होता. काय सांगू त्याइले? मी सांगतलं, पोट्टा गोट्याले भिऊन पळाला, मास्तराले लाज वाटली, म्हणून भांडे फेकले. लगेच खरं वाटलं. ह्या गावात असंच खरं वाटते."

"तू सांगतलं? मी तं प्रभाकरवर..."

"त्या बिचाऱ्यानं काय केलं? थो तं दोनदा इचाराले आला होता, अरविंद कुठी हाय म्हणून."

"पण माय, मी तुह्यासाठीच..."

"माह्यासाठी?" आता तिनं वर पाहिलं. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मले इचारलं होतं तू? गाऊ का म्हणून एक डाव तरी इचारलं होतं? तू गायला अन् सकाळी नागपूरच्या गाडीत बसला. मी कुठी बसू? मी ह्याच घरात होती. गायला तू, मार खाल्ला मी. तू पळालाच असता तं बरं झालं असतं."

बाहेर गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिच्या पायांवर डोकं ठेवावं, असं अरविंदला वाटलं. पण मध्ये सूप होतं आणि टेप होता. बापाला आत्ताच्या आत्ता जाब विचारावा, असं त्याच्या मनात आलं, आणि तिनं ते त्याच्या तोंडावर वाचलं.

"आता काई बोलू नको त्याइले. आता त्याइचा हात थरथरते, चहाचा कप धरता येत नाई. अन् हे कोणाले ऐकवू नको. पळपुट्याची माय म्हणून लोक मले हसते, पण वागवते चांगलं. थे गाण्यातली बाई झाली तं माह्याकडं कसे पाहतीन?"

"नाई ऐकवत," तो म्हणाला.

"जेवून घे. चार वाजता येतेत थे."

तिनं वरण-भात वाढला, वर लोणच्याची फोड ठेवली. त्यानं पानात काही टाकलं नाही. ती समोर बसून राहिली आणि सौसरला पाणी कसं आहे, खोलीचं छप्पर गळतं का, असं विचारत राहिली. तो मोठ्यानं उत्तरं देत होता, डाव्या बाजूला वाकून.

तीनच्या बससाठी तो निघाला तेव्हा वाटेत प्रभाकरचं दुकान लागलं. प्रभाकर दारातच उभा होता. त्यानं अरविंदकडे पाहिलं, काही बोलावं असं त्याच्या मनात असावं. सहा वर्षांचं बोलणं कुठून सुरू करायचं ते अरविंदला सुचलं नाही, आणि तो टेप काखेत घट्ट धरून भराभर पुढे गेला.

सौसरच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा रिकामी होती. पण जामसावळीकडून येणारी गाडी वाटेत समोरून जाणार होती, आणि तिच्यात मास्तर असणार होते. अरविंद आतल्या बाजूला, कोणाच्यातरी कापसाच्या गाठोड्याआड बसला, आणि ती गाडी जाईपर्यंत त्यानं तोंडावरचा रुमाल काढला नाही.